डिस्क पुसा

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी ओळ उमटली आणि तिथंच थांबली. सुरू करता येण्यासारखं या यंत्रात काही सापडत नाही, एवढाच तिचा अर्थ. मी ती पुन्हा वाचली. चष्मा पुसून वाचली. मग पहिलीतलं पोर वाचतं तशी बोट ठेवून वाचली. गुरुवारची दुपार होती, अडीचचा सुमार. अंथुर्ण्यात त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. ओसरीवर मी होतो, समोर तो जुना लॅपटॉप, त्याच्या कडेला खोचलेला पेनड्राइव्ह, आणि भिंतीशी ओळीनं ठेवलेले आणखी तीन लॅपटॉप. कुणीकुणी टाकून दिलेले ते डबे मीच नवी सिस्टिम घालून चालते केले होते. पाच वाजता मुलं आली की त्यांच्यावर भांडणं व्हायची. गावात म्हणायचे, जोतीराम गुरुजी रिटायर झाले पण मशिनीत जीव घालायला लागले. हे कानावर आलं की मी ऐकलं नाही असं दाखवायचो आणि दिवसभर ते मनात घोळवायचो. आता त्या एका ओळीसमोर माझ्या मानेमागून काहीतरी गरम वर सरकत कानांपर्यंत आलं. ते काय आहे हे मला लगेच कळलं. पस्तीस वर्षं मी ते दुसऱ्यांच्या कानांवर पाहत आलो होतो. फळ्यापाशी उभ्या केलेल्या, उत्तर न येणाऱ्या पोराचे कान असेच लाल व्हायचे. छडी मी फारशी वापरली नाही. नुसतं ‘हात पुढे’ म्हणायचो आणि मारायचो नाही. तेवढं पुरायचं. मला तो माझा चांगुलपणा वाटायचा.

लॅपटॉप समिनाचा होता. गावातल्या इस्माईल टेलरची ही मुलगी चौथीला माझ्या वर्गात होती, म्हणजे तेरा वर्षं झाली. आता ती बारामती एमआयडीसीत दुधाच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. मंगळवारी ती स्कूटरवरून उतरली ती बोलतच. “गुरुजी, हा उघडंस्तवर माझा चहा हुतोय, पिऊन हुतोय, कप धुवून हुतोय. तुमी पोरांच्या डब्यांत जीव घातलाय म्हणं. ह्याला बी बघा.” मी म्हणालो, ठेव. मग ती जरा थांबली आणि पिशवीच्या बंदाशी खेळत म्हणाली, “पर एक हाय. आत ‘मुळाक्षरं’ नावाचं फोल्डर हाय. त्याला धक्का नगं.” मग सांगावं की नको असं करत तिनं सांगितलं. दोन वर्षं शिफ्टवरून आल्यावर ती चित्रं काढत होती. अंगणवाडीतल्या लहान पोरांसाठी, एकेका अक्षराला एकेक. “तुमी आमाला अ अननसाचा शिकवला. हितं अननस कुणी बघितलाय, गुरुजी? तुमी तरी?” मी हसलो. मी पहिला अननस माझ्या निवृत्तीच्या सत्कारात, फळांच्या करंडीत पाहिला होता, आणि तो कसा कापतात ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिचा क काकवीचा होता, ट टमटमचा, ब बुजगावण्याचा. ज्ञ तेवढा राहिला होता. रविवारी इंदापुरात अंगणवाडीच्या मॅडम ती चित्रं बघणार होत्या. पसंत पडली तर तालुक्यातल्या सगळ्या अंगणवाड्यांत जाणार होती. “पुरं झाल्याबिगर तुमी उघडून बघायचं न्हाय. शब्द द्या.” मी शब्द दिला. दुसरीकडं कुठं ठेवलं आहेस का, हे मात्र मी विचारलं नाही.

तो शब्द मी पाळला, असं मी नंतर स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. उघडून बघायचं नाही म्हणून फोल्डरला हातच लावला नाही, आणि हात लावला नाही म्हणून त्याची दुसरी प्रत काढली नाही. सांगताना हे खरं वाटतं. पण न बघताही प्रत काढता येते हे मला ठाऊक होतं. दिवाळीत मुलांना मीच ते शिकवलं होतं. खरं म्हणजे मला घाई होती. पाचच्या आत नवा पडदा झळकवून मुलांना दाखवायचा होता, आणि या वेळी एक नवी गंमतही होती. आधीचे तीन लॅपटॉप मी इंग्रजीतून केले होते. या वेळी सुरुवातीच्या भाषांच्या यादीत मला ‘मराठी’ दिसलं. मी आयुष्यभर मराठी शिकवलेला माणूस. छाती भरून आली आणि मी ते दाबलं. पडद्यावर लगेच आमचीच भाषा आली, पण सणाचे कपडे घालून पाहुण्यासारखी अवघडून बसलेली. ‘प्रतिष्ठापित करा’, ‘विभाजन’, ‘संरूपण’. प्रतिष्ठापना गणपतीची करतात, असं म्हणून मी एकटाच हसलो. मग एक पान आलं, त्यावर दोन-तीन पर्याय होते. सगळ्यात वरचा होता: ‘डिस्क पुसा व प्रणाली प्रतिष्ठापित करा’. खाली बारीक अक्षरांत दोन लांब ओळी होत्या, त्या मी वाचल्या नाहीत. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर लाल शाईनं मी किती वेळा लिहिलं असेल, ‘प्रश्न पूर्ण वाचा’. पुसा म्हणजे झटका, धूळ काढा, जागा स्वच्छ करा, असंच काहीतरी मनात आलं आणि गेलं. जुनं यंत्र, पुसून घ्यायलाच हवं. बोट खाली गेलं.

पुसणे. हा शब्द माझ्या डोक्यात इतका एकेरी कधी झाला? आमच्याकडं त्याचे दोन अर्थ. पाटी पुसतात, आणि माणसालाही पुसतात, म्हणजे विचारतात. माझी आई म्हणायची, त्यांना पुसून ये, जेवायला कवा येताय. मी डी.एड.ला गेलो तेव्हा तिथल्या सरांनी वर्गात माझ्या तोंडचा हा शब्द पकडला आणि मुलं हसली. त्या दिवसापासून मी तो सोडला, आणि नोकरी लागल्यावर इतरांच्या तोंडातूनही काढायला लागलो. एकदा चौथीच्या वर्गात एका मुलीनं फळ्यावर वाक्य लिहिलं होतं, ‘मी आईला पुसलं.’ वाक्यात उपयोग करा असं काहीतरी चाललं होतं. मी डस्टर घेतलं, ‘पुसलं’ तेवढं खोडलं आणि म्हणालो, “विचारतात माणसाला, पुसतात पाटीला. आईला काय फडक्यानं पुसलंस?” वर्ग खो खो हसला. मीही हसलो. मुलगी कोण होती ते आठवत नाही, दोन वेण्या आणि त्यांच्या लाल रिबिनी आठवतात. चांगला विनोदी धडा झाला म्हणून पुढं मी तो दर वर्षी, मुलगी नसताना, नुसता सांगायचो. घरी मात्र माझा जोर चालला नाही. माझी बायको ठमाबाई आजही पुसतेच. त्या दुपारी ती आतून चहा घेऊन आली, काळा पडदा बघितला, माझं तोंड बघितलं. म्हणाली, “कवाधरनं त्या डब्याकडं बघत बसलाय. काय मोडलं का?” मी म्हणालो, काही नाही. “तिला पुसून तरी केलं का? दुसऱ्याची वस्तू हाय.” मी म्हणालो, “विचारून म्हण.” चाळीस वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघालं. ती कप ठेवून आत गेली.

पहिल्या वेळी ते काम अर्ध्याच्या अलीकडंच थांबलं होतं. पडद्यावर ‘त्रुटी’ एवढाच शब्द आला, पुढं कारण नव्हतं. बंद करून चालू केलं तेव्हा ती काळी-पांढरी ओळ. मग मी पेनड्राइव्हवरूनच यंत्र तात्पुरतं चालू केलं आणि डिस्क उघडून पाहिली. आत काही नव्हतं. फोल्डर नव्हतं, फोटो नव्हते, शाळा भरायच्या आधी वर्ग असतो तशी डिस्क होती. इथं थांबायला हवं होतं. फोन समोरच होता. पण माझ्या मनानं एक वाट काढली. सिस्टिम नीट बसली की कदाचित सगळं परत दिसेल, वीज आल्यावर दिवे लागतात तसं. यावर माझा विश्वास नव्हता. पण आत पोकळ असलं तरी वरून चालणारं यंत्र तरी द्यावं, म्हणजे निदान कुणी मला अडाणी म्हणणार नाही, असं मला वाटत होतं. मी दुसरा पेनड्राइव्ह तयार केला. आतल्या सेटिंगमध्ये जाऊन एक बंद केलं, एक चालू केलं. पुन्हा तेच पान आलं, पुन्हा तेच वाक्य. या वेळी मी ते पूर्ण वाचलं, खालच्या बारीक ओळींसकट. ‘डिस्कवरील सर्व माहिती नष्ट होईल.’ वाचून, कळून, दाबलं. तेही थांबलं. पाच वाजता मुलं आली तेव्हा तो लॅपटॉप मी कपाटात ठेवला होता आणि वर वर्तमानपत्र टाकलं होतं.

सहा वाजता समिनाचा फोन आला. “झालं का, गुरुजी?” मागं इस्माईलच्या शिलाई मशीनचा आवाज होता. मी म्हणालो, चाललंय, जुनं मशीन आहे, वेळ घेतंय. “फोल्डराला काय न्हाय न्हवं?” मी म्हणालो, “काळजी करू नको.” हे मी खोटं बोललो नाही, नुसतं एक वाक्य बोललो, असा हिशोब मी लगेच मनात मांडला. समोर मुलं माझ्याकडं बघत होती. त्यांतला एक विचारत होता, गुरुजी, आता पुढं काय दाबू? शुक्रवारी सकाळी मी तिसऱ्यांदा प्रयत्न केला. तो सगळ्यात पुढं गेला, जवळजवळ शेवटापर्यंत, आणि तिथं थांबला.

शनिवारी लॅपटॉप पिशवीत घालून मी बारामतीला गेलो. स्टँडमागच्या गल्लीत उत्कर्षा नावाची एक बाई लॅपटॉप दुरुस्त करते, तिशीची असेल. तिनं माझी हकिकत अर्धी ऐकली आणि पाठीमागचे स्क्रू काढायला लागली. “आबा, पुसलं म्हंजे लगेच जात न्हाय. वहीची अनुक्रमणिका फाडावी तसं हुतं. पानं आत असत्यात. त्यांच्यावर दुसरं लिवलं की मग जात्यात.” “किती वेळा केलं इन्स्टॉल?” मी म्हणालो, “एकदा.” तिनं डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली, बराच वेळ बघितलं आणि मान वर न करता म्हणाली, “हितं तर तीनदा केल्याचे ठसे हायत, आबा.” दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. मग तिनं एक लहानशी हिरवी पट्टी यंत्रातून उपसली, तिच्या कडेचे पिवळे दात मला दाखवले आणि ड्रॉवरमधून एक खोडरबर काढला. शाळेतला साधा खोडरबर. त्यानं ते दात घासले, फुंकर मारली, पट्टी परत बसवली. “ह्या रॅमवर मळ बसला हुता. म्हणून मधीच थांबत हुतं. पुसायचं हे हुतं बघा.” गिऱ्हाइकांतला एक जण हसला. मलाही हसावंसं वाटलं, पण चेहरा ऐकेना.

दोन तास मी त्या स्टुलावर बसलो. एकेक करून चित्रं वर येत होती. काही पूर्ण होती, तर काही अर्धीच, वरचा भाग रंगीत आणि खाली नुसता राखाडी पट्टा. काकवीची कढई आली, तिच्याभोवतीची माणसं, एकाच्या डोक्याला बांधलेला टॉवेल, आणि काकवीवरचा फेसदेखील तिनं वेगळ्या पिवळ्यात रंगवला होता. मी शब्द दिला होता की बघणार नाही. बघत होतो. इतकं चांगलं मी कधी शिकवलं नव्हतं. शेवटी उत्कर्षा म्हणाली, “सतरा पुरी, नऊ अर्धी. आणखी दोन दिवस ठिवा, स्कॅन लावते, एखाददुसरं निघंल. पहिल्यांदाच आणलं असतं तर सगळं निघालं असतं.” तिनं ती पेनड्राइव्हवर घातली, आणि एक अर्धं चित्र तिलाच कळेना म्हणून कागदावर छापून दिलं. त्यात वर एक पांढऱ्या बाहीचा हात होता, हातात काहीतरी चौकोनी, मागं काळं. खाली राखाडी. अक्षर खालीच होतं, ते गेलं होतं. मी उठलो तेव्हा तिला माझी कीव आली असावी. आवाज बारीक करून ती म्हणाली, “पोरीला सांगा, डिस्क मेली. जुनी हाय, मरत्यातच. कोण पुसणार न्हाय तुमाला.”

रिक्षात मी ते वाक्य म्हणून बघितलं. डिस्क मेली. सोपं होतं, छोटं होतं, आणि कुणालाही पटलं असतं. समिनाच्या कारखान्याच्या फाटकापाशी साडेतीनची शिफ्ट सुटत होती. मोटारसायकली सुरू होत होत्या, डोक्यावरच्या जाळीच्या टोप्या काढत मुली बाहेर येत होत्या. मला बघून समिना जवळजवळ धावतच आली. “गुरुजी? हितं कुठं? घरी सगळं बरं हाय न्हवं?”

“समिना, एक पुसायचं होतं.”

कसा कोण जाणे, आईचा शब्द आला. ती आधी गोंधळली आणि मग मोठ्यानं हसली. “विचारायचं म्हणा, गुरुजी! विचारतात माणसाला, पुसतात पाटीला.” तिनं माझाच आवाज काढला होता, शेवटचा शब्द लांबवण्याची माझी लकबसुद्धा. तेव्हा मला त्या लाल रिबिनी कुणाच्या होत्या ते कळलं. ती हसतच होती. मी पिशवीतून पेनड्राइव्ह काढला, पण तिच्या हातात ठेवला नाही. म्हणालो, तुझं फोल्डर गेलं. तिचं हसू एकदम गेलं नाही, तोंडावर तसंच राहिलं, आतून मात्र ते निघून गेलं. मग तीच मला सुटायची वाट द्यायला लागली. “मशीन जुनीच हुती म्हणा. डिस्क गेली असंल.”

“नाही. मी पुसली. न वाचता पुसली. मग कळल्यावर, लपवायला आणखी दोनदा.”

“मी फोन केला तवा?”

“तेव्हा दोनदा झालं होतं. तिसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी केलं. पहिल्यांदाच तुला सांगितलं असतं तर सगळं परत मिळालं असतं.”

ती रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी म्हणता आलं असतं. तिनं टोपीची जाळी बोटांवर गुंडाळली, सोडली. मग खाली बघत म्हणाली, “अ हाय का?” मी म्हणालो, आहे. “आ?” नाही. “इ?” अर्धी. ती एकेक अक्षर म्हणत गेली आणि मी उत्तर देत गेलो. आहे, नाही, अर्धं. क आहे. ख नाही. हजेरी घेतल्यासारखं चाललं होतं, फक्त उभा मी होतो. ब नाही म्हणालो तेव्हा ती थोडी थांबली. बुजगावण्याला तिनं तिच्या अब्बांचा जुना सदरा घातला होता, असं म्हणाली, आणि पुढच्या अक्षरावर गेली. शेवटी मी तो छापलेला कागद दिला. हे कुठलं अक्षर, ते कळत नाही, म्हणालो. तिनं एकदाच बघितलं.

“प. हात तुमचा हाय. हे डस्टर. मागं काळं हाय त्यो फळा, खाली त्यावर एक पोरगी लिवत हुती, आईला पुसलं.” कागदाची घडी घालताना ती म्हणाली, “प पुसण्याचा. दोन्ही पुसण्याचा. पोरांना गंमत वाटंल म्हणून काढलं हुतं. तुमाला चिडवायला न्हाय.”

तिनं पेनड्राइव्ह माझ्या हातातून घेतला. “उद्या हायत तेवढी घेऊन जाती इंदापूरला. अर्धी बी दाखवती. मॅडम पुसतील, खालचं कुठं गेलं?”

“माझं नाव सांग.”

“सांगणारच हाय,” ती म्हणाली.

लॅपटॉप उत्कर्षाकडं आहे, सोमवारी मी आणून देतो, असं मी म्हणालो. सोमवारी तिची शिफ्ट होती, त्यामुळं तिला हो म्हणावंच लागलं. खोक्यांवर तारीख घालायचा काळा मार्कर तिच्या खिशाला होता. तिनं तो काढला, माझा उजवा हात उताणा केला आणि तळव्यावर लिहिलं, दाबून, सावकाश, मी शिकवलं होतं तसं आधी अक्षर आणि मग वरची रेघ. मग स्कूटर काढून गेली. मागं वळून हात केला नाही.

एसटीत मी तो तळवा मांडीवर उताणा ठेवून बसलो. ‘हात लावायचा न्हाय.’ न ला ह जोडून, तिच्या बोलीत. एरवी माझी लाल शाई त्या न्हायवर गेलीच असती. भवानीनगर गेलं, लासुर्णे गेलं. मी आतल्या आत ते वाचत राहिलो आणि त्यात मला दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही. अंथुर्ण्याला उतरून घरी पोचेपर्यंत पाच वाजून गेले होते. मुलं ओसरीवर येऊन बसली होती, ठमाबाई दारात होती. सगळ्यात पुढं बसलेल्या रेश्मानं माझी मूठ बघितली. तिसरीतली पोर ती, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. “गुरुजी, हातात काय हाय?” मी म्हणालो, काही नाही. मग म्हणालो, आहे. “दावा की.” सगळी मुलं बघायला लागली.

हातावर लिहिलं म्हणून मी यांतल्या प्रत्येकाला कधी ना कधी रागावलेलो होतो. मूठ उघडत नव्हती. मार्कर ओला असेल, पुसला जाईल, असं काहीतरी मनात आलं. तो केव्हाच वाळला होता. मानेमागून ते गरम पुन्हा कानांपर्यंत आलं, आणि या वेळी मुलांना ते दिसत होतं. ‘हात पुढे’ म्हटल्यावर ती पोरं इतका वेळ का लावायची, मला त्या वेळी कधी कळलं नव्हतं.

मी हात पुढे केला.